पान एकशे बारा

'हॅलोमार्श' या खेळाचं पुस्तक ड्वेन लिंडक्विस्टला पाठ होतं. दलदलीत रुतलेला माणूस किती वेळ तग धरतो असं विचारलं, की तो मान वर न करता सांगायचा, "पान एकोणनव्वद, खालून तिसरी ओळ." अठरा वर्षं दर रविवारी दुपारी त्याच्या तळघरात चार माणसं टेबलाभोवती बसत, आपापल्या पात्राचा कागद पुढे ओढत आणि फासे टाकत. गोष्ट ड्वेन सांगायचा, पात्रं काय करतात ते खेळाडू सांगायचे, आणि जमलं की फसलं याचा निकाल फासे द्यायचे. या टेबलाची एक रीत होती. खेळ चालू असताना पुस्तक फक्त ड्वेननं उघडायचं. सगळेच पानं चाळत बसले तर राक्षस म्हातारपणानं मरेल, असं तो म्हणायचा.

शरद ऋतूत खेळाची सुधारित आवृत्ती आली आणि गावोगावच्या टेबलांवर भांडणं लागली. काढणाऱ्यांचं म्हणणं, खेळ तोच आहे, आम्ही फक्त साफसूफ केली. ड्वेनचं म्हणणं, माझं स्वयंपाकघर तुम्ही साफ केलंत आणि आता मला चमचा सापडत नाही. हे तो हसत म्हणायचा. खरी गोष्ट त्यानं कुणालाच सांगितली नव्हती. नवं पुस्तक त्यानं गुपचूप विकत आणून दोनदा वाचलं होतं. डोक्यात काही राहिलं नव्हतं. चाळीस वर्षं दुधाचा टँकर चालवलेला, विस्कॉन्सिनमधला एकेक कच्चा रस्ता तोंडपाठ असलेला हा गडी पहिलं प्रकरण संपवायचा आणि सुरुवात विसरायचा. त्याला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की तो हटून बसायचा. जुनी खोड.

आणि त्या टेबलावर ब्रिना होती, त्याची मुलगी. ती नऊ वर्षांची असताना तिची आई तिला घेऊन मॅडिसनला गेली, आणि ड्वेनच्या वाट्याला रविवार आला. आता ती सत्तावीसची होती, तिकडेच बियाण्यांच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती, तरी दर रविवारी सव्वा तास गाडी हाकत यायची. टेबलाशी बसले की बापलेक तासन्‌तास बोलत. टेबलावरून उठले की दोघांनाही विषय सापडत नसे. हा रविवार गेला तर मुलगी गेली, हे ड्वेनला पक्कं ठाऊक होतं.

जानेवारीतल्या त्या रविवारी ब्रिनानं नवं पुस्तक टेबलावर ठेवलं.

"बाबा, आज ठरवून टाकू," ती म्हणाली. "मी आणि ट्रॅव्हिस नव्या आवृत्तीनं खेळणार. इथं जमत असेल तर इथं. नाहीतर पुढच्या रविवारपासून मॅडिसनला माझ्याकडे."

ट्रॅव्हिस तिच्याच प्रयोगशाळेतला. तो ताटलीतल्या बटाट्यांकडे बघत बसला.

"म्हणजे धमकीच की!" लव्हॉन म्हणाली. ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची आणि दर रविवारी सगळ्यांसाठी भाजलेल्या बटाट्याखिम्याचं हॉटडिश आणायची. "पोरी, त्या पुस्तकात 'शेवटचा शब्द' हा नियम तरी आहे का गं?"

"नाही."

"मग संपलं. माझी जादूगारीण त्या नियमानं तीनदा वाचलीय. तो नसता तर मी कधीच खेळ सोडून विणकाम शिकले असते."

'शेवटचा शब्द' हा नियम या टेबलाचा जीव की प्राण. पात्र मरायला टेकलं, की त्यानं सोबत्याला एक वाक्य बोलायचं. सोबत्यानं मनापासून उत्तर दिलं, तर फासा आणखी एकदा टाकायला मिळायचा. या नियमापायी मोठमोठी माणसं या तळघरात ढसाढसा रडली होती.

"मी ड्वेनबरोबर," हार्डवेअरच्या दुकानातला मर्ल म्हणाला. त्याला एवढं बोलायलाही कष्ट पडत.

ड्वेनला हुरूप आला. "ऐकलंस? ज्यांनी तो नियम काढून टाकला त्यांना खेळच कळला नाही. जुन्या पुस्तकात स्पष्ट छापलंय. पान एकशे बारा!"

"दाखव," ब्रिना म्हणाली.

"काय दाखव? अठरा वर्षं सांगतोय."

"हो ना. मग दाखव."

ड्वेननं पुस्तक ओढलं, झटक्यात एकशे बारा काढलं आणि वाचायला तोंड उघडलं. ते तसंच उघडं राहिलं. पान एकशे बारावर खेचराला दिवसाला किती चारा लागतो याचा तक्ता होता. डोंगरात किती, सपाटीवर किती, ओझं जास्त असेल तर किती. त्यानं एकशे अकरा बघितलं, एकशे तेरा बघितलं. मग एकशे एकवीस, मग दोनशे अकरा. त्याचे कान लाल झाले. सगळं पुस्तक पालथं घातलं तरी नियम सापडेना.

"दुसऱ्या छपाईत असेल," मर्ल पुटपुटला. बिचाऱ्याला मदत करायची होती.

"कुठल्याच छपाईत नाही," ब्रिना म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता. "बाबा, आठवत नाही तुला? आई घर सोडून गेली त्या हिवाळ्यात? माझं पात्र, ती कोल्ह्यावर बसणारी टिब, पुलावर मरत होती. मी फासा टाकला, पडला एक. मी रडायला लागले. तू पुस्तक उघडलंस, खूप वेळ बघितलंस, आणि म्हणालास, थांब, हे बघ काय लिहिलंय."

ड्वेनला आठवलं. पूल आठवला, नाक ओढणारी पोर आठवली. आपण थाप मारली होती हे अठरा वर्षांत तो साफ विसरला होता. इतक्यांदा पान सांगितलं की त्याचं त्यालाच ते छापलेलं दिसायला लागलं होतं.

"तुला कधीपासून माहीत आहे?" त्यानं विचारलं.

"तेराव्या वर्षापासून. कांजिण्या झाल्या तेव्हा अख्खं पुस्तक वाचलं. कुणाला बोलले नाही." तिनं कोट उचलला. "नऊ वर्षांच्या मुलीसाठी तू पुस्तक बाजूला सारलंस. सत्तावीस वर्षांच्या मुलीसाठी पान उलटवत नाहीस."

ड्वेनच्या मनात होतं की सगळं कबूल करावं. तोंडातून आलं, "मग जा."

ती गेली. ट्रॅव्हिस हॉटडिशबद्दल लव्हॉनचे आभार मानून तिच्यामागोमाग गेला.

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि ड्वेन उठला. जिना चढताना त्याला धाप लागली. मोजे घातलेल्या पायांनीच तो बर्फातून गाडीपर्यंत गेला आणि त्यानं काचेवर टकटक केली. ब्रिनानं काच खाली घेतली.

"डोक्यात राहत नाही," तो म्हणाला.

"काय?"

"नवं पुस्तक. दोनदा वाचलं. ट्रॅव्हिससारख्या कालच्या पोराला येतं आणि मला येत नाही. लाज वाटते गं."

ट्रॅव्हिस दुसरीकडे बघायला लागला. ब्रिनानं बापाच्या ओल्या मोज्यांकडे बघितलं.

"इतके महिने हे सांगायचं सोडून भांडलास माझ्याशी?" ती म्हणाली. "रविवारी एक वाजता माझ्याकडे ये. खेळ मी चालवणार. तू नुसतं खेळायचं. अडलास तर विचारायचं, सगळे विचारतात."

"आणि चुकलो तर?"

"तर चुकलास म्हणून सांगेन. सगळ्यांसमोर."

तो हो म्हणाला. गाडी वळून दिसेनाशी झाली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण काय कबूल करून बसलो.

खाली आला तर लव्हॉननं रिकाम्या खुर्च्या भिंतीला लावल्या होत्या. मर्लनं कागद आणि फासे तिघांपुरते मांडले होते.

"बस, ड्वेन. जाऊ दे त्यांना," ती म्हणाली. "पुस्तकात नसला तर नसला. इथं आपला नियम राहणार. तू आहेस तोवर या तळघरात काही बदलत नाही."

ड्वेन उभाच राहिला. मोज्यांतलं पाणी गालिच्यावर उतरत होतं.

"पुढच्या रविवारी मी इथं नसेन," तो म्हणाला. "ब्रिनाकडे जातोय. नव्या पुस्तकानं खेळायला."

मर्लनं हातातला फासा हळूच डबीत टाकला. लव्हॉन क्षणभर हसली, थट्टा करतोय असं वाटून. मग तिनं त्याचा चेहरा बघितला.

"अरे," ती म्हणाली, "आम्ही तुझ्यासाठीच जुन्या पुस्तकावर थांबलो होतो रे."