हरळी वर येईपर्यंत

साहेब, तुम्ही दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून खाली पाहिलंत आणि म्हणालात, लॉन मेलंय, पेव्हर ब्लॉक घाला. जिना उतरून, वाकून, त्या गवताला हात लावायला तुम्हाला कुणी अडवलं होतं?

निरोप घेऊन शिपाई खाली आला तेव्हा मावशी लॉनवरच्या वाळूचे राहिलेले उंचवटे मोडायला दोरीला बांधलेली फळी ओढत होती. तुटलेल्या पायांच्या जागी नवे पाय बसवून माणसांना चालायला शिकवणारा हा दवाखाना, आणि त्याचं लॉन मावशीच्या हातचं.

"मावशी, येत्या सोमवारी ब्लॉक येतायत. गवत जळालं म्हणाले साहेब."

"जळालं नाही, भादरलंय. साहेबांनी स्वतःचं डोकं कधी भादरून घेतलं नाही वाटतं."

शिपायाला हसू आलं. मग खिडकीकडे बघून त्यानं ते गिळलं.

भादरलं होतं ते ड्रायव्हरसाठी. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, अपघातात गुडघ्याखालचा पाय गेलेला. नव्या पायाला खालची जमीन कळत नाही. गेल्या महिन्यात दाट हरळीखाली लपलेल्या खळग्यात तो पाय गेला आणि ड्रायव्हर आडवा झाला. पडल्या पडल्या हसत सुटला. रडली ती मावशी.

"रडता काय? हाडं शाबूत आहेत. पण मावशी, तुमच्या गवतानं दगा दिला बरं का. खड्डा झाकून ठेवला माझ्यापासून."

तो गमतीनं बोलला, पण मावशीच्या जेवणात ते वाक्य खड्यासारखं लागत राहिलं. हरळी उन्हात जोमानं फुटते, म्हणून ऊन तापायची वाट बघून तिनं मशीनचं पातं अगदी खाली घेतलं आणि हरळी बुंध्यापर्यंत कापली. दाताळ्यानं कचरा ओढून काढला, चाळलेली वाळू पातळ पसरली, वरून फळी फिरवली. शेंडे वर दिसत राहिले पाहिजेत, एवढंच बघायचं असतं. सगळीकडे तिनं ते बघितलं. फक्त त्या खळग्यापाशी तिचा तोल गेला. पोर पडल्यावर आई जमिनीला चापट्या मारते ना, तशी तिनं तिथं वाळूची घमेली ओतली आणि फावड्यानं बडवून खळगा एका दमात भरून टाकला.

बाकी लॉन हळूहळू हिरवं टोचायला लागलं. खळगा तेवढा टकलासारखा बोडका राहिला, आणि तो नेमका साहेबांच्या खिडकीखाली. तिथलं गवत आपणच गाडलं, हे तिला कळत होतं. शिपायाला टोमणा मारताना तिनं त्या जागेकडे बघायचं टाळलं होतं.

निरोप आला त्याच दिवशी संध्याकाळी ड्रायव्हर काठी टेकत व्हरांड्यात आला. आज तो थट्टा करत नव्हता.

"ब्लॉक घातले तर मी काठी सोडणार नाही, मावशी."

"का हो? ब्लॉक सपाट असतात की."

"गवतावर पडलो तेव्हा हसू आलं. तिथं पडलो तर परत उभं राहायची छाती होणार नाही. माझं मला ठाऊक."

तो आत गेल्यावर मावशी खळग्यापाशी गुडघे टेकून बसली आणि बोटांनी वाळू उपसू लागली. निम्मी काढल्यावर पिवळट, दोऱ्यासारख्या काड्या लागल्या. तिनं वरून ओंजळीनं पाणी सोडलं.

"आहेस ना गं?" ती म्हणाली, आणि कुणी ऐकलं तर नाही म्हणून मागे वळून बघितलं.

सोमवारी सकाळी ब्लॉकचा ट्रक फाटकातून आत आला. मावशी खळग्याकडे धावली आणि तिथंच खाली बसली.

वाळू फुटली होती. सुईच्या टोकाएवढे हिरवे कोंब, जिकडे बघावं तिकडे, आणि कित्येकांच्या डोक्यावर वाळूचा एकेक कण, अजून खाली न पडलेला. इतकी वर्षं गवत कापलं, पण ते असं वर येताना तिनं कधी बघितलं नव्हतं. तिचा श्वास त्यांना लागेल म्हणून तिनं तोंडावर पदर धरला.

काठीचा आवाज मागे येऊन थांबला. ड्रायव्हर वाकला.

"हे सगळं खालून उचललं यांनी?" त्यानं हळूच विचारलं. "एवढ्याशा जिवांनी?"

"हो."

"माझ्या पायाखाली मरतील का?"

"हरळी आहे ती. तुडवली की आणखी दाट होते."

ड्रायव्हरनं काठी मावशीच्या हातात दिली. स्टिअरिंग धरल्यासारखे दोन्ही हात पुढे करून त्यानं नवा पाय खळग्यात ठेवला. वाळू जराशी दबली आणि थांबली. मग दुसरा पाय. ट्रकवरचे हमाल ब्लॉक हातात तसेच धरून बघत राहिले. तो लॉनच्या पार पलीकडे पोचला, भिंतीला हात लावला आणि पाठमोराच उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

वरची खिडकी उघडली. मावशीनं काठी छातीशी धरली आणि वर पाहिलं.

"साहेब, गाडीवाले विचारतायत ब्लॉक कुठं उतरवायचे. मी काय सांगू त्यांना? खाली या, आणि इथं उभं राहून तुम्हीच सांगा."