तोंडातली पट्टी

सॅक्सोफोन वाजवण्याआधी त्याच्या तोंडाशी लागणारी वेताची पातळ पट्टी ओली करावी लागते, नाहीतर सूर फाटतो. म्हणून बाबा ती जिभेवर धरून बसले होते. चंद्रपूरच्या त्या हॉलमध्ये, पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात, ओठ मिटून. सॅक्सोफोन माझ्या तान्ह्या लेकीच्या, चिनूच्या दुपट्यात गुंडाळून खुर्चीखाली. बोलावलं की लगेच उठता यावं.

माझे बाबा, लटारू, सावली गावच्या बँड पार्टीत, लग्नाच्या वरातींत वाजवतात. बोलावणं आदेशचंच होतं. आदेश माझा नवरा, शाळेत चित्रकला शिकवतो. त्याचं हे पहिलं प्रदर्शन, जॅझवरचं. दारूच्या गुत्त्यातलं म्हणून ज्या संगीताला भल्या घरांनी नाकं मुरडली, त्यालाच पुढे मोठमोठ्या सभागृहांत मान कसा मिळाला, ते चित्रांतून. उन्हाळाभर त्याने बाबांना आमच्या ओसरीत बसवून त्यांची बोटं, फुगलेले गाल, मानेवरची शीर काढली. मी चिनूला पाजता पाजता बघत असायचे.

"मामाजी, उद्घाटनाले तुमीच वाजवाचं," म्हणाला होता तो. मोबाइलवर एक जॅझची धून लावून दिली. बाबांनी ती ऐकून ऐकून बसवली.

"जवाईबापू, हे तं आपल्यासारखंच आहे गा," ते हसायचे. "वरात पुढं निघून गेली अन् बँड एकटाच रडून राह्यला!"

पाहुणे आले. बाबांच्या गालांच्या चित्रासमोर आदेशच्या शाळेचे प्राचार्य थांबले. "हा कोण?"

"परदेशातला एक जुना वादक. कल्पनेतून काढला," आदेश म्हणाला.

"आणि हे?" प्राचार्यांनी पहिल्या रांगेतल्या बाबांकडे पाहिलं.

"माझे सासरे. सावलीला शेती करतात."

आमच्याकडे शेतीच नाही. बाबा नुसते हसले, मान हलवली. तोंडात पट्टी, बोलणार कसे?

मग नागपूरहून आलेला काळ्या कोटातला एक मुलगा उठला आणि सॅक्सोफोन वाजवू लागला. धून तीच, बाबांनी बसवलेली. चिनूला कडेवर घेऊन मी आदेशजवळ गेले.

"बाबा बसून आहेत ना तिथी."

"हळू बोल, नीलिमा. ही काय वरात आहे? शाळेत म्हणतील ना, बँडवाल्याचा जवाई."

"मंग बोलावलं काऊन त्याईले?"

"चित्रं पाहाले. अन् सांगू कसं? वाईट वाटलं असतं."

टाळ्या झाल्या. बाबांनीही वाजवल्या. मग त्यांनी खुर्चीखाली हात घातला, दुपट्याची गाठ सोडली आणि भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं. आता?

मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. "बाबा, काढा ते तोंडातलं."

त्यांनी आदेशकडे पाहिलं. तो कुणाशी तरी हात मिळवत होता. मग त्यांनी पट्टी काढली, रुमालाने पुसली.

"नाई बोलावणार?"

"नाई."

"बरं." चिनूचा पाय त्यांनी तळहातात घेतला. "पोट्ट्यानं चांगलं वाजवलं."

तिकडून आदेशने हाक मारली, "नीलिमा, ये ना, फोटो काढून राह्यलो! मामाजीलेई आण." सगळे त्या गालांच्या चित्रासमोर उभे होते. बाबा उठले. शर्ट नीट केला, चेहऱ्यावर हसू आणलं. माझा संसार आहे, म्हणून ते तिथेही जाऊन उभे राहिले असते.

मी त्यांचा हात धरला. "बसा, बाबा."

"अवो, जवाई बोलावते ना."

"बसा म्हणते ना मी."

आदेशने पुन्हा हाक मारली. मी चिनूला बाबांच्या मांडीवर आडवं केलं आणि तिथेच, पहिल्या रांगेत, तिचा ओला लंगोट बदलायला घेतला.