लाल चुंबकाखालची चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुना लाल लोहचुंबक आहे. कोटाच्या बटणाएवढा असेन. माझ्या कडेचा रंग उडाला आहे आणि पाठीवर एक चीर आहे. रस्त्यात पडलेला दिसलो तर तुम्ही मला उचलणारही नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एकदा मी माझ्या जागी घट्ट उभा असताना माणसे मला वळसा घालून पुढे गेली, आणि त्याची किंमत एका भलत्याच बाईला मोजावी लागली. ते मात्र तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. लोखंडाची काळी भुकटी साच्यात दाबली, भट्टीत भाजली आणि वर रंगीत टोपण बसवले. आमच्या डबीत निळे होते, हिरवे होते, लाल मी एकटाच. ती डबी एका कार्यालयात आली. तिथे संगणकासाठी प्रोग्रॅम लिहीत असत. खोलीत एका भिंतीवर मोठा पांढरा फळा होता. त्यावर चार रकाने आखलेले होते: करायचं, चालू, तपासणी, झालं. प्रत्येक काम एका चिठ्ठीवर लिहिलेले असे आणि काम सरकेल तशी चिठ्ठीही एकेक रकाना पुढे सरके. रोज सकाळी सगळे फळ्यासमोर उभे राहून काल काय केले आणि आज काय करणार ते सांगत. बसायचे नाही, कारण बसले की बोलणे लांबते, असे मॅनेजरसाहेबांचे मत होते. उभ्यानेही ते बऱ्यापैकी लांबत असे.

निळ्या-हिरव्यांनी नुसत्या चिठ्ठ्या धरायच्या होत्या. मला मात्र मान होता. मॅनेजरसाहेबांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवले की एखाद्या कामात धोका दिसला तर कुणीही त्या चिठ्ठीवर लाल चुंबक लावावा. ज्याने लावला, त्यानेच तो काढायचा. तोवर चिठ्ठी हलणार नाही, मग मोठे साहेब आले तरी.

मी सगळ्यात जास्त राहिलो ताईंच्या हातात. प्रोग्रॅम तपासणे हे ताईंचे काम. दुसऱ्यांनी केलेले नीट चालते का, हे त्या मोडून मोडून बघत. त्यामुळे त्यांचे नाव पडले होते ‘ब्रेक’. नाव ठेवले होते झटपटने. झटपट हा तिथला सर्वात वेगवान प्रोग्रॅमर. कुठलेही काम सांगा, “एवढंसंच तर आहे” म्हणून मोकळा. त्याचे काम होईही लवकर, आणि ताईंकडून परतही लवकर येई. “माझ्या मशीनवर चालतंय,” असे तो म्हणे. मग त्याचे मशीनच गिऱ्हाइकाकडे पाठवू या का, असे ताई शांतपणे विचारत. दोघे असे भांडत, पण डबा मात्र एकत्र खात.

त्या वर्षी एका रुग्णालयाचे काम आले. तिथल्या रक्तपेढीत रक्ताच्या पिशव्या एका मोठ्या फ्रीजमध्ये ठेवत. फ्रीज बंद पडून आतली थंडी कमी झाली तर रक्त वाया जाते. म्हणून तिथली नर्स दर काही तासांनी जाऊन तापमानाचा काटा बघून येई. आता फ्रीज बंद पडला की नर्सच्या फोनवर आपोआप इशारा जावा, असा प्रोग्रॅम करायचा होता. ‘फ्रीजचा इशारा’ अशी चिठ्ठी फळ्यावर लागली.

काम सरळ होते, पण सरळ राहिले नाही. रुग्णालयाच्या मंडळींना आधी इशारा हवा होता, मग त्यात आलेख हवा झाला, मग रंग बदलून हवे झाले. प्रत्येक वेळी मॅनेजरसाहेब हो म्हणत गेले आणि तारीख मात्र तीच राहिली. उद्घाटन ठरले होते, पाहुणे बोलावले होते. या धावपळीत ताईंना एक गोष्ट सापडली. मध्येच नेटवर्क गेले आणि तेवढ्यात फ्रीज बंद पडला, तर नेटवर्क परत आल्यावरही तो इशारा कुणाला जात नव्हता. तो हरवतच होता. ताईंनी मला उचलले आणि त्या चिठ्ठीवर लावले.

दुसऱ्या दिवसापासून त्या रजेवर गेल्या. वडिलांच्या डोळ्याचे ऑपरेशन होते. जाताना म्हणाल्या, काही लागले तर फोन करा.

उद्घाटन जवळ आले. दुरुस्ती करायची तर तारीख पुढे ढकलावी लागणार होती. सगळे फळ्यासमोर उभे होते आणि सगळे माझ्याकडे बघत होते. ताईंना फोन करता आला असता. पण त्या काय म्हणतील हे सर्वांना ठाऊक होते, म्हणूनच कुणी केला नाही. मग झटपट म्हणाला, “चुंबक हलवायचा नाही, हे बरोबर. पण नवीन चिठ्ठी लिहायची नाही, असं कुठं ठरलंय?”

खोलीत हशा पिकला. मॅनेजरसाहेबही किंचित हसले. झटपटने तेच काम नव्या चिठ्ठीवर लिहिले आणि ती थेट ‘झालं’मध्ये लावली. जुनी चिठ्ठी माझ्याखाली तशीच राहिली. नियम कुणीच मोडला नव्हता. मी सगळा जोर लावून एका कागदाला धरून बसलो होतो आणि त्या कागदात आता काहीच उरले नव्हते. मित्रांनो, इतके एकटे मला त्या डबीतही वाटले नव्हते.

उद्घाटन झाले. फोनवर कळणार म्हणून नर्सची फेरी बंद केली गेली.

पुढे थोड्याच दिवसांनी एका सकाळी फोन आला. आदल्या संध्याकाळी रुग्णालयाबाहेर रस्ता खणताना केबल तुटली होती आणि नेटवर्क गेले होते. तेवढ्यात फ्रीज बंद पडला. केबल लगेच जोडली गेली, पण इशारा काही गेला नाही. आणि आता एका बाईला बाळंतपणानंतर रक्त हवे होते. पिशव्या होत्या, पण देण्याजोगी त्यातली एकही नव्हती. रक्त दुसऱ्या गावाहून निघाले होते.

मॅनेजरसाहेबांनी तो फोन ठेवला आणि त्यांनीच ताईंना फोन लावला. ताई रजा अर्धी टाकून आल्या. त्यांनी फळ्याकडे पाहिले. माझ्याखालची चिठ्ठी पाहिली, मग ‘झालं’मधली पाहिली. त्या रागावतील असे सगळ्यांना वाटले होते.

“चिठ्ठी दुसरी लिहिलीत,” त्या म्हणाल्या, “पण फ्रीज तोच होता ना, सर.”

झटपट खाली मान घालून उभा होता. त्या दिवशी कुणी डबा उघडला नाही. फोन वाजला की सगळ्यांच्या माना वळत, आणि तो दुसऱ्याच कुणाचा निघे. शेवटी दुपार कलताना रुग्णालयातून कळले की रक्त पोहोचले, बाई वाचली. पण पार खचली आहे, बाळाला जवळ घेण्याचीही ताकद तिच्यात नाही. झटपट जिन्यात जाऊन बसला आणि रडला. ताई त्याच्या शेजारी जाऊन बसल्या. मग दोघे आत आले, नेटवर्कची वायर स्वतः उपटली आणि तो इशारा हरवतो कुठे, हे शोधू लागले. दोष सापडला, दुरुस्त झाला, तरी झटपटच म्हणत राहिला, “ताई, अजून एकदा बघू.”

ताईंनी मला चिठ्ठीवरून काढले तेव्हा खोलीत कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण त्यानंतर सकाळच्या बैठकीत मॅनेजरसाहेब पहिला प्रश्न ‘काय झालं’ असा विचारत नसत. ‘कुठं अडलंय’ असा विचारत, आणि उत्तर येईपर्यंत थांबत. तारीख पुढे न्यावी लागली तर गिऱ्हाइकाला स्वतः सांगत. ‘ब्रेक’ हे नाव झटपटने पुन्हा कधी उच्चारले नाही.

पुढे फळा गेला. चिठ्ठ्या संगणकाच्या पडद्यावर आल्या. तिथेही लाल ठिपका असतो म्हणे, पण तो कुणीही एका बोटाने पुसू शकतो. मी कपाटामागे पडलो आणि धुळीत कित्येक वर्षे पडून राहिलो. नोकरी सोडताना ताईंनी कपाट हलवायला लावले, मला शोधले, पदराने पुसले, पर्समध्ये टाकले आणि रुग्णालयात नेऊन नर्सच्या हाती दिले.

आता मी त्याच रक्तपेढीत, त्याच जागी आलेल्या नव्या फ्रीजच्या दारावर आहे. नर्सची फेरी पुन्हा सुरू झाली आहे. रोज सकाळी नर्स नेटवर्क मुद्दाम बंद करून चाचणीचा इशारा धाडते, नेटवर्क परत आल्यावर तो येतो का ते बघते, एका कागदावर सही करते आणि तो माझ्याखाली ठेवते. आतून येणारा गारवा मला दारातून जाणवतो.

मित्रांनो, माझ्यासारखे लहानसे काहीतरी तुमच्याही वाटेत कुणीतरी लावून ठेवलेले असेल. त्याचा राग येईल, घाईत ते फारच आडवे वाटेल. हवे तर काढा ते. पण ज्याने लावले, त्याला आधी एक फोन करा.