गुडघाभर रोपं

अहवाल पाच वाजेपर्यंत गेला नाही, तर वरच्या उतारावरच्या जंगलाचं कुंपण आणि राखण दोन्ही बंद होणार होतं. आणि वेळेत जाऊनही त्यात ‘नवी रोपं भरपूर’ असं असलं, तर जंगल आपोआप वाढतंय असं धरून तेच होणार होतं.

वनरक्षक बाईचं डोकं यंदाच्या मोजणीतल्या ‘नवी रोपं: चाळीस’ या आकड्यावर अडलं होतं. मागच्या मोजणीत एकेचाळीस, त्याआधी एकोणचाळीस. यंदापर्यंत तीस वर्षं मोजणारे तिचे वडील. निवृत्त झाले, तरी ‘माझी एक मोजणी चुकलेली दाखवा’ असं अजून ऑफिसात येऊन ऐकवून जायचे. आणि खरंच, आकडा चुकलेला नव्हताच. मग तीस वर्षांत त्यातल्या एकाही रोपाचं झाड का झालं नाही? म्हातारी झाडं उभ्याउभ्या वाळत चालली होती. साहेब म्हणाले, आकडा जुळतोय ना, मग कशाला फाटे फोडता.

तिने सरळ एक रोप खणलं आणि ओल्या फडक्यात मूळ गुंडाळून, अहवालाचा कागद घेऊन वडिलांचं घर गाठलं. सव्वाचार वाजले होते.

रोपाचं वय विचारल्यावर गुडघाभर शेंड्याकडे बघून ते फटकन म्हणाले, दोन वर्षं. तिने फडकं सोडलं. मूळ मनगटाएवढं जाड होतं.

त्यांनी चष्मा लावला. मूळ बराच वेळ हातात फिरवलं.

“पंचवीस तरी असेल,” ते म्हणाले. मग चिडले. “उन्हाळ्यात शेंडा जळतो, पावसात पुन्हा फुटतो. यात नवीन काय?”

“पूर्वी एखाद्या वर्षी जळायचा, बाबा. आता दर वर्षी जळतो. पाऊस लांबतो, ऊन हटत नाही. वाढायला सवडच मिळत नाही त्यांना.”

त्यांनी मूळ खाली ठेवलं. तिला भीती वाटली. या माणसाकडे मिरवायला ही एकच गोष्ट होती, आणि ती काढून घ्यायला पोटची पोरगी आली होती.

“म्हणजे दर खेपेला तीच रोपं मोजली मी,” ते म्हणाले. “नवी समजून.”

तुमचं नाव न घालताही लिहिता येईल, असं ती घाईघाईने म्हणाली. ते त्यांना झोंबलं.

“लिही. डोकी मोजली, वाढ बघितली नाही. मोजणारा मी.”

मग कागद स्वतःकडे ओढून त्यांनी ‘नवी रोपं’च्या रकान्यातला आकडा खोडला, तिथे शून्य लिहिलं आणि खाली सही केली.