परत मागितलेला शब्द

धर्म सोडण्याला आमच्या वस्तीत दोन शब्द होते. शहरातल्या कचेरीचे लोक म्हणत, 'याचं मन सुधारलं.' आम्ही म्हणत असू, 'तो घरंगळला.' आमची शेतं चढावर. टोपलीतून निसटलेलं रताळं थेट खाली समुद्रापर्यंत जातं, तसा. माझे दाजी इहाची तुरुंगातून सुटून आले, तेव्हा हा दुसरा शब्द त्यांच्याआधी वस्तीत पोचला होता.

जपानातल्या क्यूशू बेटावर, आमच्या किनाऱ्यावर बादशहाचं राज्य नुकतंच आलं होतं, पण येशूच्या धर्मावरची बंदी जुनीच राहिली. पिढ्यान् पिढ्या आम्ही वरून बुद्धाच्या देवळाचे आणि आतून मारियामातेचे. त्या वर्षी दाजींचे वडील वारले आणि दाजींनी देवळातल्या भिक्षूला न बोलावता त्यांना पुरलं. शेजारच्या किचिझोनं खड्डा खणायला मदत केली. शिपाई आले आणि दोघांनाही घेऊन गेले.

तुरुंगात हातपाय पाठीमागे एकत्र बांधून दोरावर पाणी ओतायचे. भिजला की दोर आवळतो. शेवटी दोघांनीही धर्म सोडल्याचा शब्द दिला.

किचिझो सुटून आला, तर त्याच्या बायकोनं दार उघडलंच नाही. त्याची उशी तेवढी खिडकीतून बाहेर दिली. तो खाली किनाऱ्यावर होड्यांच्या छपरात राहायला गेला. माझी अक्का मोयो मात्र तशी नव्हती. तिनं पाणी तापवलं, दाजींना अंघोळ घातली, मनगटांवरच्या जखमांना त्सुबाकीच्या झाडाच्या बियांचं तेल लावलं. सासू कोपऱ्यात तोंड फिरवून बसली होती. तिला अक्का म्हणाली, "आई, जरा सरका, यांना शेकोटीजवळ येऊ द्या."

संध्याकाळी प्रार्थनेला सगळे बसलो, तसे दाजी उठून बाहेर निघाले.

"कुठं चाललात?" अक्का म्हणाली.

"मी कुठल्या तोंडानं बसू?"

"आत्ता जेवलात त्याच तोंडानं."

दाजी बसले नाहीत. गोठ्यात गायीजवळ जाऊन उभे राहिले. रोजचंच झालं ते. खाणं तुटलं, बोलणं तुटलं. मग एका सकाळी ते पायताणं घालत म्हणाले, "पाटलाकडं जातो. माझा शब्द परत मागतो."

अक्का रताळी चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली.

"घरंगळलात तेव्हा मी एक शब्द बोलले का तुम्हाला?"

"नाही."

"मग आता बोलते. तुमच्या घशात शब्द अडकला म्हणून माझ्या फुयूला तुरुंगात नेणार? चार वर्षांची पोर ती."

"तुम्हा दोघींना नाही नेणार."

"सरकार तुमच्या मामाचं आहे का?"

दाजी गेलेच. आमचे पाटील, होंदा गेन्एमोन, वाईट माणूस नव्हते. पोट बिघडलेलं, कायम उग्र वासाचा कसलासा काढा पीत बसलेले. पुढचं सगळं त्यांनीच नंतर मला सांगितलं.

"इहाची, दिलेला शब्द परत मिळत नाही. ते काय उसनं दिलेलं फावडं आहे?"

"मी दिलाच नव्हता, मालक. दोरानं काढून घेतला."

"बरं, मग घरी जा, दार लाव आणि मनातल्या मनात उलटा म्हण. मी कान देत नाही."

"मनात म्हणून पाहिलं. भागत नाही."

पाटलांनी हाकलून दिलं. दाजी दुसऱ्या दिवशी पुन्हा पायरीवर हजर. पाऊस असो, ऊन असो. पाटलांची बायको चहा आणून द्यायची, दाजी नमस्कार करून प्यायचे आणि बसून राहायचे. शेवटी पाटील वैतागले. "अरे बाबा, तू माझं मरण आहेस," म्हणाले आणि शहरात निरोप धाडला.

शिपाई दाजींना घ्यायला आले, तेव्हा अक्का फुयूला पाठीशी बांधून वाटेवर येऊन उभी राहिली. शिपायानं विचारलं, "तू कुठं?"

"मलाही न्या. आज नाही तर उद्या आम्हालाही न्यालच. मी तर घरंगळलेच नव्हते, कुणी विचारलंच नव्हतं मला."

दाजी म्हणाले, "मोयो, घरी जा."

"तुम्ही माझं ऐकलंत का?" अक्का म्हणाली. "मग गप चला."

त्यांना जहाजानं लांबच्या मुलखात नेलं. थंड मुलूख. एका मोडक्या देवळात कोंडून ठेवलं. पहिल्याच हिवाळ्यात फुयू गेली. खोकला झाला, मग ताप आला आणि पहाटे तिचे पाय गार पडले. त्याआधी दाजींना पुन्हा विचारलं होतं, मन सुधारतोस का म्हणून. ते 'नाही' म्हणाले. अक्काला विचारलं, तीही 'नाही' म्हणाली.

काही वर्षांनी बंदी उठली आणि ते परत आले, तेव्हा अक्काचे केस कपाळावर पांढरे झाले होते. आम्ही दोघी विहिरीवर होतो, तेव्हा तिनं मला एकदाच सांगितलं. तिकडं असताना दाजींनी तिला विचारलं होतं, "मी पायरीवर बसलो नसतो, तर पोर जगली असती का?"

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"म्हटलं, जगली असती. खोटं कशाला बोलू? मग ते रडले. मी त्यांच्यापुढं भात ठेवला. म्हटलं, जेवा."

पुढं वस्तीत लाकडाचं छोटं देऊळ उभं राहिलं, येशूचं. परदेशी पाद्री आला. दाजी कसे पुन्हा उठून उभे राहिले, ते त्यांनी सगळ्यांना सांगावं असं त्याला वाटे. दाजींनी नकार दिला. म्हणाले, "तेवढं सोडून काहीही सांगा. छप्पर शाकारतो."

पहिल्या मोठ्या प्रार्थनेच्या सकाळी सगळी वस्ती जमली. किचिझो तेवढा नव्हता. त्यानं शब्द कधी परत मागितलाच नव्हता. अजून तो खाली होड्यांच्या छपरातच राहत होता, जाळी विणून पोट भरत होता. बायको मेली तेव्हाही त्यानं लांबूनच पाहिलं. त्याचं नाव कुणी काढलं नाही. अक्का उठली आणि उतारावरून खाली गेली. मीही मागोमाग गेले.

किचिझो जाळ्यात मान घालून बसला होता. "मोयोताई, मी घरंगळलेला माणूस," तो म्हणाला. "वर येऊन काय करू?"

"बसायचं. दुसरं काय करतात तिथं?"

"लोक काय म्हणतील?"

"मला म्हणू देत की. माझी पोर गेलीय. मला कोण बोलतंय ते बघते मी."

किचिझो बराच वेळ गाठी मारत राहिला. अक्का तिथंच वाळूवर बसली. वाऱ्यात तिला खोकला येऊ लागला, तसं त्यानं जाळं बाजूला ठेवलं. "चला," म्हणाला, "तुम्हाला थंडी बाधेल."

आम्ही तिघं वर पोचलो, तेव्हा प्रार्थना सुरू झाली होती. किचिझो दारातच घुटमळला. दाजींनी मागं वळून पाहिलं, चटईवर सरकून जागा केली आणि त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं.