चाकं कुणाकडे आली होती

या, असे जवळ सरका. एका दीडशहाण्याची आणि माझ्या दाजींची गोष्ट सांगते.

दाजी सायकली दुरुस्त करतात. ताई गेली आणि ते गाव सोडून आमच्या शहरात आले. इथल्या चर्चची पायरी मात्र चढेनात. "देव तिकडेच राहिला, तुझ्या ताईच्या कबरीपाशी," म्हणायचे.

एक दिवस दुकानात संशोधक उगवला. संशोधक कसला, पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, चार पानं चाळून बाकीचं स्वतःच्या डोक्यातून काढणारा! शास्त्रात एका संदेष्ट्याला दृष्टान्त होतो: माणूस, सिंह, बैल, गरुड अशा चार तोंडांचे जीव, त्यांच्यापाशी चाकात चाक, चाकांच्या कडा डोळ्यांनी भरलेल्या, वर सिंहासन. "हे परग्रहवासी, ते त्यांचं यान. देवबीव काही नाही," म्हणे. तसलं चाक त्याने तीन आठवडे दुकानात बसून दाजींकडून करून घेतलं.

रविवारी दुपारी सभागृहात व्याख्यान. संशोधक साहेबांनी मंचावर चाक ढकललं. दोन रिंगा एकमेकींत आडव्याउभ्या अडकवलेल्या, ते कसलं चालतंय! कलंडलं ते थेट साहेबांच्या नडगीवर.

"या मिस्त्रीला अक्कलच नाही!" साहेब कळवळले. लोक दाजींना हसले. माझं डोकं फिरलं.

तेवढ्यात आमच्या चर्चच्या प्रवचनकार आजी उठल्या. त्या प्रवचन गातात, ऐंशीतही आवाज खणखणीत.

"वाहनच होतं, बाळा. पण आलं कुणाकडे?"

"तो मुद्दा गौण आहे, आजी."

"बरं, त्या दृष्टान्ताचं पहिलं वाक्य काय आहे, तेवढं सांग."

साहेब टिपणं चाळू लागले. त्यांत इंधन होतं, वेग होता, पहिलं वाक्य नव्हतं.

मग आजी तिथूनच गाऊ लागल्या. परमुलखात नदीकाठी बसलेले बंदिवान, त्यांतच तो संदेष्टा. घर सुटलं, देव मागे मंदिरातच राहिला, असं धरून बसलेले. म्हणून तर सिंहासनाला चाकं! "तो मागे राहत नाही रे," हे पालुपद त्यांनी दाजींकडे बघत तीनदा आळवलं.

साहेब काहीतरी पुटपुटत, लंगडत निघून गेले. आभाळ पालथं घातलं, पण तीन आठवडे समोर बसलेला दुखावलेला माणूस काही त्यांना दिसला नाही.

दाजींनी चाक उभं केलं. "एवढ्या लांबचा पत्ता सापडतो देवाला?"

"तुमच्या दुकानाचा सापडला की," आजी म्हणाल्या.

पुढच्या रविवारी दाजी चर्चमध्ये माझ्याशेजारी येऊन बसले, नखांत ग्रीस तसंच.

साहेबांना विसरलात तरी चालेल. प्रार्थनेला बसाल तेव्हा माझ्या ताईची आठवण तेवढी काढा.