मॅलोबी रोव्हर्सचा उत्तररंग

मॅलोबी रोव्हर्स नावाचा क्लब इंग्लंडात शोधून सापडायचा नाही. तो जन्मला कोल्हापुरात, मोरेश्वरबुवांच्या डोक्यात. बुवा कीर्तनकार, आणि मुलगा गुरुनाथ कीर्तनात पाच मिनिटं टिकेल तर शपथ. तालमीच्या पोरांबरोबर फुटबॉलमागे पसार. शेवटी बुवांनी घरातच वेगळं आख्यान लावलं. विलायतेतलं एक गरीब गाव, चर्चच्या घंटा वाजवणारे अकरा जण, आणि १८८७ साली त्यांनी काढलेला क्लब. पहिला हाफ पूर्वरंग, दुसरा उत्तररंग. मध्ये कीर्तनात बुवांना घालतात तसा हार. घरात हार गुरुनाथच्या गळ्यात पडायचा, आणि तो पडल्याशिवाय उत्तररंग सुरू व्हायचा नाही.

गुरुनाथ नोकरीला अमेरिकेत मॉरिसव्हिलला आला, तरी आख्यान थांबलं नाही. दर शनिवारी सकाळी फोनवर एक सीझन. एका साली पुरात चुना वाहून गेला, म्हणून बेकरीवाल्यानं पिठानं रेघा आखल्या आणि हाफटाइमच्या आत चिमण्यांनी मधली रेघ खाऊन टाकली. गुरुनाथ ओट्याला टेकून हसत राहायचा आणि बायको, राधिका म्हणायची, "तुमचे रोव्हर्स जिंकतात तरी का कधी?"

जिंकायची वेळ एकदाच आली होती, १९३४ च्या फायनलला. तिच्यापाशी आलं की बुवा थांबत. "ती फोनवर नाही, गुरू. समोर बसशील तेव्हा."

समोर बसणं पाच वर्षं राहून गेलं. ग्रीन कार्डाचा अर्ज अडकलेला, पासपोर्टातला व्हिसा संपलेला. वकील म्हणायचा, आत्ता गेलात तर परत कधी याल, सांगता येत नाही.

२००७ च्या श्रावणात अप्पांना, म्हणजे बुवांना, अर्धांगवायू झाला. वाचा गेली, उजवं अंग गेलं. डाव्या हातात तेवढी चिपळी राहिली. एकदा वाजली की हो, दोनदा वाजली की नाही. थोरली बहीण कांचनताई फोनवर म्हणाली, "डॉक्टर फार दिवसांचं बोलत नाहीत रे. तू बोल त्यांच्याशी. ऐकू येतं सगळं."

काय बोलायचं? गुरुनाथला एकच सुचलं. आख्यान अर्धं ठेवून बुवांनी जाऊ नये. फायनल आपणच सांगावी.

शनिवारी त्यानं सुरुवात केली. आवाज आधी कापरा होता, मग अप्पांच्याच चालीवर लागला. मॅलोबीहून तीन आगगाड्या भरून माणसं निघाली. घंटा वाजवायला मागे एक म्हातारा तेवढा राहिला. विसाव्या मिनिटाला समोरच्यांचा गोल. हाफटाइमला दोन मिनिटं असताना आपल्या लेफ्ट विंगरनं चिखलातून बॉल काढला. एक-एक. पलीकडून चिपळी एकदा वाजली. गुरुनाथनं डोळे पुसले.

"आणि आता, अप्पा, उत्तररंग..."

चिपळी दोनदा वाजली.

"अप्पा, ऐका तरी. आपण जिंकतोय."

पुन्हा दोनदा, जोरात.

"थांब जरा," कांचनताई म्हणाली. फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. बराच वेळ नुसता पंखा ऐकू येत होता. मग ती परत आली. "अरे, सकाळपासून देव्हाऱ्याकडे बोट दाखवत होते. मला वाटलं, पूजा हवीय. आत्ता कळलं, तिथला हार हवा होता. काढून दिला तर फोनकडे धरतायत. गुरूचा का, विचारलं तर एकदा वाजवली."

"फोनला कसा घालणार, ताई?"

"फोनला घालू का, विचारलं. दोनदा वाजवली. खुंटीला लावून ठेवलाय. त्यांना दिसेल असा."

गुरुनाथनं फोन ठेवला. बाहेर शेजारच्यांचं लॉन मोअर चालू होतं. राधिका दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"मोठी बॅग कुठे आहे गं?"

"गराजमध्ये, वरच्या फळीवर," ती म्हणाली. "आणि परत यायचं कसं?"

त्याच्या डोळ्यांसमोर चिखलानं माखलेले अकरा जण मैदानाच्या कडेला उभे होते, एक-एकवर, त्याच्या वाटेकडे बघत. तो शिडी आणायला गेला.